मध्ययुगीन इंग्लंडबद्दल वाचताना आणि लिहिताना या चुका टाळा

चौदाव्या शतकातल्या एखाद्या इंग्रज गावाच्या न्यायसभेची दप्तरं उघडली की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. घरी एल करून विकणाऱ्या बायकांना दंड झालेला असतो. एल म्हणजे जवाची साधी बिअर. पुढच्या सभेत त्याच बायका आणि जवळजवळ तेवढाच दंड, असं वर्षानुवर्षं चालतं. मी पहिल्यांदा अशा नोंदी वाचल्या तेव्हा या गावात सगळ्याच भेसळ करत होत्या, असं समजून बसलो होतो. तो अंदाज चुकीचा होता आणि तीच चूक मला आजही मराठी लेखांत, व्हिडिओंत, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत वारंवार दिसते. कायद्याचा कागद आणि रस्त्यावरचं जगणं यांत बरंच अंतर होतं. ते अंतर लक्षात घेतलं नाही की पुढच्या बहुतेक चुका आपोआप होतात.

दंड दिसला की लगेच गुन्हा समजू नका

१२६०च्या दशकात पाव आणि एल यांच्या विक्रीचे नियम राज्यभरासाठी लिहून ठेवले गेले. पावाची पद्धत गमतीची आहे. पाव अर्ध्या किंवा चतुर्थांश पेनीलाच (पेनी म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं, अनेकवचन पेन्स) विकायचा, पण गहू महागला की त्याचं वजन घटवायचं. म्हणजे भाव तोच, पाव लहान. एलचा दरही धान्याच्या भावावर बांधलेला असे. नवी एल तयार झाली की ती चाखून पाहणारी माणसं गावाने नेमलेली असत.

हा नियम अगदी काटेकोर पाळणं विकणाऱ्याला कठीणच होतं. त्यामुळे न्यायसभेत काही पेन्सचा दंड भरायचा आणि धंदा चालू ठेवायचा, अशी रीत पडली. नोंदीत शब्द दंडाचा असला तरी व्यवहारात ती परवान्याची फी झाली होती. एल करणाऱ्यांत बायका पुष्कळ असल्याने शेकडो सामान्य बायकांची नावं आपल्याला या दंडांमुळेच कळतात. राजांच्या बखरींत त्यांना जागा मिळालीच नसती.

मग खरी फसवणूक ओळखायची कशी? तीन गोष्टी बघा. दंडाची रक्कम इतरांपेक्षा ठळकपणे जास्त आहे का? कारकुनाने ‘नियम मोडला’ एवढंच न लिहिता खोटं माप, आंबलेला माल असा तपशील दिला आहे का? आणि त्या व्यक्तीला चौकातल्या खोड्यात उभं केल्याचा उल्लेख आहे का? यातलं काहीच नसेल तर तिला भेसळखोर म्हणू नका.

कायदा झाला म्हणजे तसंच घडलं, असं धरू नका

१३४८च्या उन्हाळ्यात प्लेग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरला आणि दीड वर्षात देशातली एक तृतीयांश ते निम्मी माणसं गेली. शेतं तशीच राहिली, हात कमी पडले आणि उरलेले मजूर जास्त मजुरी मागू लागले. १३४९मध्ये राजाने हुकूम काढला की मजुरी प्लेगच्या आधीच्या दरानेच घ्यायची. १३५१मध्ये पार्लमेंटने तो कायदा आणखी कडक केला. कित्येक लेखांत यावरून सरळ वाक्य येतं: ‘प्लेगनंतर मजुरी गोठवण्यात आली.’ प्रत्यक्षात मजुरी वाढत गेली. कायदा करावा लागला, तोच मुळी ती वाढत होती म्हणून. खटल्यांच्या नोंदींत जास्त मजुरी घेणारे मजूर रांगेने उभे दिसतात.

कोणी कोणतं कापड ल्यावं, हे ठरवणारा १३६३चा कायदा तर दोन वर्षांच्या आत मागे घेतला गेला. तरीही ‘मध्ययुगात गरिबांना चांगले कपडे घालायला बंदी होती’ हे वाक्य सगळ्या शतकांना एकदम लावलं जातं. कायद्याचा दाखला देताना तो किती वर्षं टिकला, हे आधी शोधा.

फाशीचंही असंच. बारा पेन्सच्या वरची चोरी म्हणजे मृत्युदंड, हा नियम खरा होता. पण चोर ज्यांच्या ओळखीचा, त्या गावकऱ्यांच्या पंचांनीच चोरीच्या मालाची किंमत ठरवायची. मग महागड्या मालाचीही किंमत बरोबर बारा पेन्सच्या आत येई. फासावर गेलेल्यांपेक्षा सुटून घरी गेलेले कितीतरी जास्त होते. मला या नोंदी फार मोलाच्या वाटतात, कारण कठोर कायद्याखाली राहणारी माणसं दयेची वाट कशी काढत होती, ते त्यांत दिसतं.

मॅग्ना कार्टाला आजच्या राज्यघटनेचा पोशाख चढवू नका

‘१५ जून १२१५ रोजी जॉन राजाने मॅग्ना कार्टावर सही केली आणि जनतेला हक्क मिळाले.’ मॅग्ना कार्टा, म्हणजे जॉनने कबूल केलेली सनद, हिच्याबद्दलच्या या एका वाक्यात तीन चुका आहेत.

पहिली, सही झाली नाही. राजाची मोहोर लागली. हातात लेखणी धरलेल्या जॉनचं चित्र नंतरच्या काळातल्या चित्रकारांचं आहे. दुसरी, ही सनद जेमतेम दहा आठवडे चालली. ऑगस्टमध्येच पोप तिसरा इनोसन्ट याने ती रद्द ठरवली आणि देशात यादवी पेटली. पुढच्या वर्षी जॉन वारला. मग त्याच्या अल्पवयीन मुलाच्या नावाने १२१६, १२१७ आणि १२२५मध्ये ती बदलून पुन्हा काढली गेली. राजाने कर कसा बसवावा, याबद्दलची कलमं १२१६लाच गळाली. पुढे कायद्याच्या दप्तरात गेली ती १२२५ची सनद. तिसरी चूक ‘जनते’ची. सनद बोलते ती ‘मुक्त माणसा’बद्दल, आणि त्या वेळच्या शेतकऱ्यांपैकी फार मोठा भाग जमीनदाराशी बांधलेला होता.

तरी ती वाचाच. १२१५च्या मसुद्याची आज आपण ६३ कलमं मोजतो (मूळ चर्मपत्रावर मजकूर सलग आहे, आकडे नंतरचे). त्यांत थेम्स नदीतले मासे पकडायचे बांध काढून टाका, वाइन, एल आणि धान्याचं माप देशभर एकच ठेवा, कापडाचा पन्हा एवढाच असावा, असल्या बाजारातल्या गोष्टी आहेत. न्यायाबद्दलच्या दोन गाजलेल्या कलमांपलीकडे कोणी जात नाही, आणि नगरातलं रोजचं आयुष्य तर तिथेच आहे.

ज्युरी आणि शेरीफ: ओळखीचे शब्द, वेगळे अर्थ

ज्युरी म्हटलं की आपल्याला १९५९चा मुंबईतला नानावटी खटला आठवतो. त्रयस्थ माणसं बसतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि कौल देतात. तेराव्या शतकातली ज्युरी याच्या अगदी उलट होती. ती बारा माणसं त्याच परिसरातली असत, आणि त्यांना प्रकरणाची माहिती आहे म्हणूनच बोलावलेलं असे. त्याआधी आरोपीला तापलेलं लोखंड धरायला लावणं किंवा पाण्यात सोडणं, अशी दिव्यं होती. १२१५मध्येच रोमला भरलेल्या धर्मपरिषदेने पाद्र्यांना अशा दिव्यांत भाग घ्यायला मनाई केली. पाद्री नाही म्हणजे दिव्य नाही, आणि त्या रिकाम्या जागेत फौजदारी खटल्यांसाठी ज्युरी आली. पुरोगामी विचाराने कोणी ती एका दिवसात शोधून काढली, असं लिहू नका.

शेरीफचं तर भाषांतरच घात करतं. मुंबईचे शेरीफ म्हणजे नगरपाल, मानाचं पद. तो शब्द तसाच उचलून ‘नॉटिंगहॅमचे नगरपाल’ लिहिलं की सगळा अर्थ निसटतो. मध्ययुगातला शेरीफ हा परगण्यातला राजाचा माणूस. वसुली त्याची, कैदी त्याचे, न्यायसभा बोलवायची त्यानेच. लोकांना त्याची धास्ती असे. ‘शेरीफ’च ठेवा आणि एका वाक्यात काम सांगा.

असेच आणखी दोन शब्द. इंग्लंडमध्ये ‘कॉर्न’ म्हणजे धान्य: गहू, जव, राय. त्याचं ‘मका’ करून तेराव्या शतकातल्या शेतात कणसं डोलवलेली मी वाचली आहेत. मका अमेरिकेतला. कोलंबसाच्या आधी तो युरोपात नव्हताच. आणि ‘गिल्ड’ला कामगार संघटना म्हणू नका. ती धंद्याच्या मालकांची, उस्तादांची जमात होती. आपल्याकडचा ‘श्रेणी’ हा जुना शब्द त्याला बराच जवळचा आहे.

तारखांचा घोळ आधी सोडवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि तो आपल्या इतिहासापर्यंत येतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

बाराव्या शतकाच्या अखेरीपासून १७५१पर्यंत इंग्लंडमध्ये कायद्याचं नवं वर्ष २५ मार्चला लागे. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा बराचसा भाग जुन्याच वर्षात मोजला जाई. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ला झाला म्हणतो, पण त्या वेळच्या कागदांवर साल १६४८ आहे. दोन्ही कागद समोर ठेवून ‘इतिहासकारांत एकमत नाही’ असं लिहिणारे भेटतात. मतभेद तिथे नाहीच. जानेवारी ते २४ मार्चमधली तारीख दिसली की साल कोणत्या पद्धतीचं आहे, ते तपासा. जाणकार म्हणूनच १६४८/४९ असं दुहेरी साल लिहितात.

दुसरा गुंता दिवसांचा. युरोपातल्या कॅथलिक देशांनी १५८२पासून सुधारित ग्रेगोरियन दिनदर्शिका घेतली, इंग्लंड मात्र जुन्या ज्युलियनवर राहिलं. सतराव्या शतकात फरक दहा दिवसांचा होता. १७५२मध्ये इंग्लंडने २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर धरला आणि तोवर अकरा दिवसांवर गेलेला तो फरक संपवला.

आता आपल्याकडे या. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली ती जानेवारी १६६४मध्ये. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांच्या पत्रांवर तेव्हा १६६३ साल चालू होतं. राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन हा कंपनीचा वकील रायगडावर हजर होता. आपण सांगतो ती ६ जून १६७४ ही तारीख जुन्या इंग्रजी पद्धतीची आहे, नव्या पद्धतीने तो दिवस १६ जून येतो. तिथी एकच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. इंग्रजी कागद आणि पोर्तुगीज कागद ताडून पाहताना हे दहा दिवस ध्यानात ठेवले नाहीत तर घोडा गोव्याला आधी पोचतो आणि निघतो नंतर.

मध्ययुगीन कागदांत तर पुष्कळदा साल नसतंच. ‘एडवर्ड राजाच्या अमुक वर्षी, संत मायकेलच्या सणाच्या आदल्या दिवशी’ अशी नोंद असते. आपल्याकडे राज्याभिषेक शक आणि तिथी असे, त्याच धाटणीची. मायकेलमस म्हणजे २९ सप्टेंबर, तेव्हा आदला दिवस २८. राज्यवर्ष मोजताना राज्यारोहणाचा दिवस आधी शोधा. जॉनचं प्रकरण आणखी किचकट आहे. त्याचा राज्याभिषेक येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला झाला, तो सण दर वर्षी हलतो, म्हणून त्याची राज्यवर्षं कमीजास्त लांबीची आहेत. एक मात्र करू नका: १५ जून १२१५सारख्या मध्ययुगीन तारखा नव्या दिनदर्शिकेत बदलू नका. त्या जशा आहेत तशाच लिहायची रीत आहे.

पैशाचं रूपांतर रुपयांत करू नका

बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगचा पौंड, म्हणजे पौंडाला २४० पेन्स. ही पद्धत १९७१पर्यंत चालली. रुपया-आणे-पै वापरलेल्या घरांत हे समजावायला वेळ लागत नाही. अडतं ते इथे की पौंड आणि शिलिंग मध्ययुगात केवळ हिशोबात होते, त्यांची नाणी पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून पडू लागली. ‘मार्क’ म्हणजे १६० पेन्स, त्याचं तर इंग्लंडमध्ये नाणं कधीच नव्हतं. तेव्हा तेराव्या शतकातल्या माणसाबद्दल ‘त्याने दहा पौंडांची नाणी मोजली’ लिहाल तर त्याने २,४०० चांदीच्या पेन्या मोजल्या, हे डोळ्यांसमोर आणा. आजच्या रुपयांत किंमत सांगण्याऐवजी मजुरीत सांगा. प्लेगच्या आधी कुशल सुताराला दिवसाला साधारण तीन पेन्स मिळत. एक मार्क म्हणजे त्याची पन्नासहून अधिक दिवसांची कमाई.

नगर म्हणजे नुसती घाण नव्हे

खिडकीतून घाण फेकणारे लोक आणि पाणी विषारी म्हणून दिवसभर एल पिणारी लंडन नगरी, हे चित्र फार चिकट आहे. लंडनच्या शेजाऱ्यांच्या तक्रारींची दप्तरं १३०१पासून उपलब्ध आहेत. शौचकूपाच्या खड्ड्याला दगडी भिंत असेल तर तो शेजाऱ्याच्या हद्दीपासून अडीच फूट, नसेल तर साडेतीन फूट दूर हवा, असा नियम होता आणि लोक त्यासाठी भांडत. तेराव्या शतकात टायबर्नच्या झऱ्यांचं पाणी शिशाच्या नळांतून चीपसाइडच्या हौदापर्यंत आणलं गेलं. नागरिकांनी तो खर्च पिण्याच्या पाण्यासाठी केला. १३८८च्या कायद्याने नगरांजवळच्या नद्या-खंदकांत आतडी आणि कचरा टाकायला बंदी घातली. दुर्गंधी होती हे खरं, आणि ती लोकांना सहन होत नव्हती हेही तेवढंच खरं.

चेटकिणींबद्दल थोडक्यात: इंग्लंडमध्ये त्यांना जाळत नसत, फाशी देत. जाळण्याची शिक्षा पाखंडासाठी आणि नवऱ्याचा खून करणाऱ्या बायकांसाठी होती. चेटकाचे गाजलेले खटलेही मध्ययुगातले नाहीत. उत्तर इंग्लंडमधल्या पेंडलचा खटला १६१२चा. आणि स्कॉटलंडची उदाहरणं ‘इंग्रजांची’ म्हणून देऊ नका. १७०७पर्यंत ते वेगळं राज्य होतं आणि तिथला कायदा आजही वेगळा आहे.

अडलात तर कोरोनरच्या दप्तरापासून सुरुवात करा

मुंबईकरांना हे पद ओळखीचं असेल, आपल्याकडे ते १९९९पर्यंत होतं. इंग्लंडमध्ये ते ११९४चं. अकस्मात मृत्यू झाला की कोरोनर यायचा, शेजाऱ्यांना बोलावायचा आणि लिहून घ्यायचा: माणूस कुठे होता, काय करत होता, प्रेत प्रथम कोणी पाहिलं. शेकोटीपाशी पाळण्यात ठेवलेलं मूल, विहिरीवर घागर भरताना पाय घसरलेली बाई, गाडीवरून पडलेला गाडीवान, सगळे तिथे आहेत. ज्या वस्तूमुळे जीव गेला, तिची किंमत ठरवून ती राजाकडे जमा होई. म्हणून त्या गाडीची, घोड्याची, उकळत्या पाण्याच्या कढईची किंमत पेन्समध्ये लिहिलेली सापडते, आणि पुष्कळ घरांत नेमकं काय सामान होतं, हे आपल्याला त्या ओळीतूनच कळतं.