बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करायचे आहे? ठाणे-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाची वाट

‘एम.एस्सी. बायोटेकला अर्ज कुठे करायचा?’ हा प्रश्न दर वर्षी जूनमध्ये, बी.एस्सी.चा निकाल तोंडावर आल्यावर विचारला जातो आणि तोपर्यंत चांगले निम्मे दरवाजे बंद झालेले असतात. हा प्रश्न विचारण्याची खरी वेळ अंतिम वर्षाच्या सुरुवातीची, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरची आहे. पुढील क्रम तेव्हापासून धरावा.

आधी पदवी ठरवा. तीन वर्षांच्या बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. दोन वर्षांची असते, तर नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांना ती एका वर्षात करता येते. ‘एम.टेक. कर, पगार जास्त मिळतो’ हा सल्ला बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला देणाऱ्याने पात्रतेचे नियम वाचलेले नसतात; एम.टेक.साठी सहसा बी.ई., बी.टेक. किंवा आधीची एम.एस्सी. लागते. एम.एस्सी.साठी मात्र पदवी बायोटेक्नॉलॉजीचीच हवी असे नाही. सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र, कित्येक ठिकाणी रसायनशास्त्रही चालते. काही अभ्यासक्रमांना बारावीचे गणित लागते, तेव्हा ते सोडलेल्यांनी पात्रतेची ती ओळ सर्वांत आधी शोधावी.

महाराष्ट्रातील विद्यापीठांत दोन वर्षांची एम.एस्सी. ८८ श्रेयांकांची (क्रेडिट्सची) असते, प्रत्येक सत्राला २२. पहिल्या वर्षानंतर ४४ श्रेयांकांवर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांचे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि शेवटच्या दोन सत्रांत मिळून १० श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. म्हणून महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नये, प्रयोगशाळा पाहावी. डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआर यंत्राशेजारी किंवा सेंट्रिफ्यूजवर वापराची नोंदवही ठेवलेली असते. तिच्यातील शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे आणि ती विद्यार्थ्याच्या हस्ताक्षरात आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

परीक्षांचे अर्ज. जॅम ही आयआयटींच्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा; तिचा अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरावा लागतो आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. ठाण्याच्या मुलांना अगदी जवळ असलेल्या पवईच्या आयआयटीत बायोटेक्नॉलॉजीची एम.एस्सी. याच वाटेने मिळते. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा आहे. मुंबई विद्यापीठाचा कालिना येथील विभाग, संलग्न महाविद्यालये, सीबीडी बेलापूरची डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाची शाखा यांचे प्रवेश स्वतंत्र असतात, त्यांची सूचनापत्रे मे महिन्यापासून पाहत राहावीत.

आता खरी अडचणीची पायरी: गॅट-बी.

केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी ही परीक्षा २०२० पासून फरिदाबादच्या रीजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजीच्या वतीने घेतली जाते. पुणे विद्यापीठाची बायोटेक्नॉलॉजीची एम.एस्सी., गोवा विद्यापीठाची सागरी जैवतंत्रज्ञानाची एम.एस्सी., माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे एम.टेक. अशा जागा तिच्यातून भरल्या जातात आणि या एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीला दरमहा ५,००० रुपये विद्यावेतन असते. परीक्षा २४० गुणांची. पहिल्या भागात बारावीच्या पातळीचे ६० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, चुकल्यास अर्धा वजा. दुसऱ्या भागात पदवीच्या पातळीचे १०० प्रश्न, त्यांतील ६० सोडवायचे, प्रत्येकी ३ गुण, चुकल्यास १ वजा. शिकवणीत सरसकट ‘अंदाज लावू नका’ असे सांगतात, ते हिशेबाला धरून नाही. चारपैकी एक पर्याय नक्की चुकीचा असल्याचे कळले, तर दुसऱ्या भागात अंदाज सरासरीने फायद्याचा ठरतो. पहिल्या भागात तेवढ्यावर ना नफा ना तोटा, तिथे दोन पर्याय गळेपर्यंत हात आखडता घ्यावा.

पण मुले अडतात ती परीक्षेत नव्हे, निकालानंतर. गॅट-बीचा निकाल म्हणजे केवळ गुणपत्रक. अभियांत्रिकीच्या कॅपसारखी इथे एकच सामाईक प्रवेश फेरी नसते, पसंतीक्रम भरून घरी बसण्याची सोय नसते. ज्या संस्थेत जायचे, तिथे वेगळा अर्ज, वेगळे शुल्क, वेगळी गुणवत्ता यादी. काही संस्थांचे अर्ज निकालाच्या आधीच सुरू होतात आणि निकालानंतर काही दिवसांतच बंद होतात. उत्तम गुण मिळवून ‘बोलावणे येईल’ म्हणून वाट पाहणारी मुले मला नेहमी भेटतात. बोलावणे येत नाही. माझेही डोके या पायरीवर पुष्कळ शिणले, आणि आता मी एकच पद्धत सांगतो: परीक्षेच्या आधीच सहभागी संस्थांची यादी उतरवून घ्यावी आणि प्रत्येक संस्थेपुढे अभ्यासक्रम, लागणारी टक्केवारी, आरक्षणाचा नियम, अर्जाची शेवटची तारीख आणि अंतिम गुणपत्रिका दाखवण्याची मुदत असे रकाने आखावेत. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. अंतिम वर्षाचा विद्यार्थी अर्ज करू शकतो, पण निकाल लांबला तर किती थांबायचे हे ती संस्था ठरवते. त्यासाठी परीक्षा दिली असल्याचे आणि आधीच्या सत्रांत एटीकेटी नसल्याचे प्राचार्यांच्या सहीचे पत्र मेमध्येच घेऊन ठेवावे. जुलैत कार्यालयात सही करायला कुणी जागेवर भेटत नाही.

टक्केवारीचा रकाना भरताना सीजीपीएला स्वतःच्या मनाने दहाने किंवा साडेनऊने गुणू नये. साडेनऊ हे सूत्र सीबीएसईच्या दहावीचे होते, तुमच्या पदवीशी त्याचा संबंध नाही. आपल्या विद्यापीठाचे सूत्र कोणते ते विचारून महाविद्यालयाच्या शिक्क्यासह लेखी घ्यावे.

दाखल्यांचे घोळ याहून वाईट. राज्याचे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी मिळाले म्हणून मुले निर्धास्त असतात, पण केंद्रीय संस्थांना ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला आणि बहुधा चालू आर्थिक वर्षातला लागतो, शिवाय जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) हा प्रवर्ग केवळ राज्यापुरता आहे; केंद्रीय संस्थेत तो चालत नाही. अशा विद्यार्थ्याने ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, केंद्रीय नमुन्यातला दाखला मिळतो का ते पाहावे. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे आणि घर १,००० चौरस फुटांहून लहान हवे. आणखी एक गोष्ट नवी मुंबईकरांसाठी: ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, खारघर, कळंबोली, कामोठे मात्र रायगडच्या पनवेल तालुक्यात. ‘नवी मुंबई’ असा पत्ता लिहिणारी खारघरची मुले दाखल्यासाठी ठाण्याच्या रांगेत उभी राहतात आणि हात हलवत परततात. दाखल्यांचे हे काम डिसेंबर-जानेवारीत पुरावे गोळा करून ठेवून एप्रिल उजाडताच उरकावे.

नावाचीही तपासणी करावी. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर बहुधा शेवटी. क्रम वेगळा असणे सहसा निभावते, ‘श्वेता’ची इंग्रजी स्पेलिंगे दोन असणे निभावत नाही.

जवळच्या महाविद्यालयातली जागा मिळाली तर ती घ्यावी आणि दूरच्या यादीची वाट पाहावी. ‘फी बुडेल, कागद अडकतील’ या भीतीने जागा सोडू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार संस्थेला मूळ कागदपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत आणि ठरलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केला तर शुल्क परत करावे लागते. त्या मुदतीची तारीख फी भरण्याआधी लेखी मागून घ्यावी.

प्रवेश झाल्यावर, विद्यापीठ बदलले असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्राचे अर्ज पहिल्या महिन्यात टाकावेत, एबीसी (श्रेयांक साठवणारी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) क्रमांक नोंदवावा. पुढे संशोधनाकडे वळायचे असेल तर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेसाठी एम.एस्सी.ला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के लागतात, जैवतंत्रज्ञान विभागाच्या संशोधन शिष्यवृत्तीच्या परीक्षेला ६०. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रासारख्या संस्थेत शेवटच्या सत्राचा प्रकल्प करण्याची इच्छा असणाऱ्यांनी तिसरे सत्र सुरू होताच विभागप्रमुखांचे पत्र घेऊन अर्ज पाठवावेत, कारण तिथल्या प्रकल्पांच्या जागा मोजक्या असतात आणि चौथे सत्र उजाडेपर्यंत त्या उरत नाहीत.