नवे रॉक बँड कसे शोधावेत आणि क्लबमधील मैफलीला कसे जावे : मराठवाड्यातील श्रोत्यांसाठी मार्गदर्शन

रॉक संगीताची आवड असलेल्या मराठवाड्यातील श्रोत्याला गाणी मिळत नाहीत, अशी स्थिती आता राहिलेली नाही. अडचण वेगळीच आहे. मोबाइल उघडला की वर्षानुवर्षे तीच दहा-बारा नावे समोर येतात, आणि त्यांपलीकडचे काही आवडलेच, तर ते प्रत्यक्ष ऐकण्यासाठी बहुधा पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. ही दोन्ही कामे एकमेकांना जोडलेली आहेत. शोध नीट घेतला असेल तर मैफलीची निवड चुकत नाही, आणि मैफलीला वेळेवर पोहोचले तर पुढच्या शोधाची सामग्री तिथेच हाती लागते. महानगरात राहत नसल्यामुळे आपण मागे पडतो, हा समज मात्र सोडून द्यावा. भारतीय रॉक बँडना वाहिलेले ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक 1993 मध्ये सुरू झाले ते मुंबई-दिल्लीत नव्हे, तर अलाहाबादेत.

ओळखीच्या एका नावापासून धागा धरावा

‘सर्वोत्तम पन्नास बँड’ छापाच्या याद्या वाचून आवड घडत नाही. माणसांचा माग काढल्याने घडते. बँडमधील वादक क्वचितच एकाच बँडपुरते राहतात, म्हणून आवडलेल्या गाण्यात गिटार, बास (खालच्या सुरांची गिटार) आणि ड्रम कोणी वाजवले आहेत ते आधी पाहावे आणि ती माणसे आणखी कुठे वाजवतात ते शोधावे.

उदाहरण घेऊ. हिंदी चित्रपटांचे संगीतकार म्हणून विशाल ददलानी सर्वांना ठाऊक आहेत. मुंबईच्या ‘पेंटाग्राम’ या रॉक बँडचे ते गायक, हे मात्र त्यांची चित्रपटगीते गुणगुणणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. पेंटाग्रामची गाणी ऐकताना गिटारकडे लक्ष गेले, तर रँडॉल्फ कोरिया हे नाव सापडते, आणि त्या नावामागून गेल्यास मोनिका डोग्रा यांच्याबरोबरचे ‘शायर अँड फंक’ हे त्यांचे अगदी निराळ्या बाजाचे, इलेक्ट्रॉनिक वळणाचे काम समोर येते. मुंबईच्याच ‘झीरो’ या बँडपासून असेच दोन फाटे फुटतात. गिटारवादक वॉरन मेंडोन्सा यांच्या मागे गेल्यास ‘ब्लॅकस्ट्रॅट ब्लूज’चे बहुतांशी शब्दाविना चालणारे, गिटारप्रधान संगीत मिळते, तर ड्रमवादक सिड कूटो यांच्या मागे गेल्यास ‘टफ ऑन टोबॅको’. एका संध्याकाळी एवढा प्रवास सहज होतो.

इंग्रजीचा अडसर वाटत असेल, तर भाषेच्या बाजूने सुरुवात करावी. ‘द लोकल ट्रेन’ हिंदीत गातो, बंगळुरूचा ‘परवाझ’ उर्दू आणि काश्मिरीत, तर केरळचा ‘अवियल’ मल्याळममध्ये. 1990 मध्ये दिल्लीत उभ्या राहिलेल्या ‘इंडियन ओशन’ने गिटार आणि ड्रमबरोबर तबला बसवला. ‘अभंग रिपोस्ट’ हा मुंबईचा बँड संतांचे अभंग गिटार आणि ड्रमच्या साथीने गातो. नामदेवांची नरसी, जनाबाईंचे गंगाखेड आणि एकनाथांचे पैठण ज्या मुलखात आहे, तिथल्या श्रोत्याला शब्द आधीच पाठ असल्याने वाद्यांकडे लक्ष देण्याची मोकळीक मिळते, आणि माझ्या मते नवख्या श्रोत्यासाठी याहून चांगला प्रवेश नाही.

अॅपच्या शिफारशींवर किती विसंबावे

थोडेच. आपण जे ऐकले त्याच्या आसपासचेच अॅप पुढे करते. शिवाय घरातील सगळे एकच खाते वापरत असतील, तर लहानग्यांची बडबडगीते, आईची भजने आणि आपले मेटल (रॉकचा अधिक जोरकस प्रकार) यांची अशी खिचडी होते की शिफारशींना काही अर्थच उरत नाही. स्वतःचे खाते वेगळे ठेवावे आणि त्याखेरीज बँडकॅम्प या संकेतस्थळाची सवय लावून घ्यावी. तिथे प्रत्येक अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्या श्रोत्यांची लहान चित्रे दिसतात. त्यांपैकी एखाद्यावर टिचकी मारली की त्या श्रोत्याने आणखी काय काय विकत घेतले आहे ते उघडते. ज्याने आपल्याला आवडलेल्या, फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या अल्बमसाठी पदरचे पैसे मोजले, त्याच्या संग्रहात आपल्याला रुचेल असे काहीतरी सापडण्याची शक्यता यंत्राच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त असते.

नवा बँड ऐकताना निदान एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत क्रमाने ऐकावा, आणि तो मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. त्या चिमुकल्या स्पीकरमधून बास गिटारचे खालचे सूर जवळजवळ उमटतच नाहीत, आणि बास ऐकू येत नसेल तर गाणे पुढे कशाच्या जोरावर सरकते आहे हेच कळत नाही. साधे वायरचे इअरफोनही पुरतात.

प्रवासाचा खर्च करण्याआधी त्या बँडचे प्रत्यक्ष वादनाचे चित्रीकरण जरूर पाहावे. सिअॅटलच्या ‘केईएक्सपी’ या रेडिओ केंद्राची स्टुडिओतील थेट वादनाची चित्रफीत-मालिका यूट्यूबवर आहे. जगभरातील नव्या बँडसाठी ती उत्तम. भारतीय बँडबाबत महोत्सवांतील चित्रफिती शोधाव्यात. प्रेक्षकाने हातात मोबाइल धरून केलेले, थोडे फाटक्या आवाजाचे चित्रीकरण अधिक खरे बोलते, कारण त्यात गायकाचा सूर नंतर दुरुस्त केलेला नसतो.

मैफल निवडणे आणि तिकीट काढणे

बँडचे आणि क्लबचे इन्स्टाग्राम खाते, तसेच बुकमायशो, डिस्ट्रिक्ट आणि स्किलबॉक्स या तिकीटविक्रीच्या सेवांवर तारखा कळतात. क्लबमधील मैफली बहुतेक गुरुवार ते रविवार या दिवसांत असतात, त्यामुळे शनिवारची मैफल धरली तर रविवार परतीला मिळतो. शक्य तेव्हा एकाच रात्री दोन किंवा तीन बँड असलेली मैफल निवडावी. मुख्य बँडच्या आधी वाजवणारा बँड आयोजकाने किंवा खुद्द मुख्य बँडने पारखलेला असतो, आणि जाणकाराने केलेली ती शिफारस तिकिटातच मिळून जाते.

पैसे भरण्याआधी दोन बाबी बारकाईने वाचाव्यात. पहिली, आकारलेली रक्कम नुसते प्रवेशशुल्क आहे की कव्हर चार्ज. कव्हर चार्ज असेल तर ती रक्कम पूर्ण किंवा काही प्रमाणात खाण्यापिण्यात वळती होते, आणि मग चारशे रुपयांच्या तिकिटापेक्षा सातशेचे स्वस्त पडू शकते. दुसरी, वयाची अट. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षे पूर्ण असावी लागतात. मद्य मिळणारे अनेक क्लब 21 वर्षांखालील श्रोत्याला, त्याला फक्त लिंबूपाणी प्यायचे असले तरी, दारातूनच परत पाठवतात. कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातील मुलामुलींनी म्हणूनच सर्व वयांसाठी खुल्या असलेल्या मैफली किंवा महोत्सव पाहावेत. वयाचा मूळ पुरावा जवळ ठेवावा. झेरॉक्स किंवा मोबाइलमधील फोटो दारावरचा माणूस मानेलच असे नाही.

प्रवास आणि मुक्काम

मैफल रात्री उशिरा संपते, हे गृहीत धरूनच परतीचा बेत आखावा. मुंबईहून रात्री सुटणारी देवगिरी एक्सप्रेस साधारण पहिला बँड वाजत असतानाच निघून गेलेली असते. तिचे आरक्षण करून ठेवणारा श्रोता मुख्य बँडला मुकतो. त्यापेक्षा रात्री मुंबईतच थांबून सकाळी लवकर निघणारी तपोवन एक्सप्रेस किंवा दुपारची वंदे भारत धरणे शहाणपणाचे ठरते. वेळापत्रक बदलत असते, तेव्हा आरक्षणाच्या वेळी ते तपासून घ्यावे. मध्यरात्रीनंतर मुंबईची लोकलही काही तास बंद असते, हे ध्यानात ठेवून मुक्कामाची जागा क्लबपासून रिक्षा किंवा टॅक्सीच्या अंतरावर घ्यावी. डॉर्मिटरीतील एक खाट पुरेशी होते.

छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याकडील श्रोत्यांना पुणे रस्त्याने सोयीचे आहे. वाकडेवाडीच्या एसटी स्थानकातून त्या बाजूच्या गाड्या सुटतात. लातूर, नांदेडच्या लोकांनी सरळ एक रात्र मुक्काम धरावा. मोठी बॅग क्लबमध्ये नेऊ देत नाहीत, त्यामुळे सामान मुक्कामाच्या जागी ठेवूनच निघावे. घरच्यांना क्लबचे नाव, पत्ता आणि सोबत्यांची नावे आधीच सांगून ठेवावीत. ‘मित्राच्या खोलीवर आहे’ असे सांगून गेलेल्याचा फोन गोंगाटात लागला नाही की रात्रभर दोन्हीकडे जिवाला घोर लागतो.

क्लबमध्ये गेल्यावर

दारात तिकिटाचा कोड तपासून मनगटावर कागदी पट्टी बांधतात किंवा शिक्का मारतात. बाहेर जाऊन परत यायचे असल्यास ते चालते का, हे तिथेच विचारून घ्यावे. तिकिटावर आठ लिहिले असले तरी पहिला बँड नऊच्या सुमारास सुरू होणे नेहमीचेच आहे. तरीही दार उघडण्याच्या वेळीच आत जावे, कारण उभे राहण्याची जागा तेव्हाच निवडता येते.

ही निवड महत्त्वाची आहे. मंचाच्या अगदी पुढ्यात उभे राहिले तर ड्रम आणि गिटारचे अॅम्प्लिफायर थेट कानावर येतात, पण गायकाचा आवाज बाजूच्या मोठ्या स्पीकरांतून मागच्या लोकांकडे जात असल्याने शब्द दबलेले वाटतात. कोपऱ्यांत आणि भिंतीलगत बास घुमतो. बहुतेक ठिकाणी प्रेक्षकांच्या मागच्या अंगाला, मंचासमोर साउंड इंजिनिअरचे मिक्सर असते. तो आवाजाचा मेळ आपल्या कानाला धरून घालत असल्याने त्याच्या जरा पुढे, मधोमध उभे राहावे. संपूर्ण खोलीत सर्वांत नीटस आवाज तिथेच मिळतो. पहिली दोन गाणी जरा विस्कटलेली वाटली तर लगेच निराश होऊ नये. आवाजाची चाचणी रिकाम्या खोलीत झालेली असते आणि माणसे भरली की अंगे व कपडे आवाज शोषून घेतात, त्यामुळे इंजिनिअरला मिक्सरवर पुन्हा हात फिरवावा लागतो.

पुढे जाऊन वादकांचे हात पाहायचे असतील, तर मधल्या विश्रांतीत जावे. गिटारवादकाच्या पायांशी पेडलची, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलण्याच्या छोट्या यंत्रांची, फळी दिसते आणि तिच्या शेजारी जमिनीवर चिकटपट्टीने लावलेला, जाड पेनने गाण्यांची नावे लिहिलेला कागद. कोणत्या पेडलवर पाय पडला की सूर खरखरीत होतो आणि कोणत्या पेडलवर तो लांबत जातो, हे दोन गाणी टक लावून पाहिले तरी कळू लागते, आणि घरी तोच अल्बम ऐकताना फरक जाणवतो.

जोरकस बँडसमोर काही श्रोते एकमेकांना धक्के देत गोल फेर धरतात. त्यात शिरायचे नसेल तर कडेला व्हावे, कोणी वाईट मानत नाही. शिरायचे असेल तर एकच नियम कडक आहे : कोणी पडला की सर्वांनी थांबून त्याला आधी उठवायचे. हाताचे कोपर, बॅग आणि चष्मा सांभाळावा. फ्लॅश मारून फोटो काढू नये. संपूर्ण गाणे मोबाइल उंच धरून चित्रित करणाऱ्याच्या मागे उभ्या असलेल्यांनी त्याला मनातल्या मनात काय म्हटले असेल, ते इथे लिहिता येणार नाही. दाद मात्र मोकळेपणाने द्यावी. संगीत नाटकांना ‘वन्स मोअर’ देणाऱ्या महाराष्ट्राला हे शिकवायला नको.

कान सांभाळणे

याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. व्यावसायिक आरोग्याच्या प्रचलित निकषानुसार 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, आणि दर 3 डेसिबलला ही मुदत निम्म्यावर येते; म्हणजे 100 डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सरासरी 100 डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली आहे, आणि बंद खोलीतील रॉक बँड तिच्या आसपास सहज पोहोचतो.

औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे किंवा वादक वापरतात तसे इअरप्लग न्यावेत. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नुसता कानाच्या तोंडाशी चिकटवलेला बोळा काही कामाचा नाही. फोममुळे वरचे सूर जास्त दबतात आणि आवाज घोंगडीतून आल्यासारखा वाटतो. वादकांचे प्लग सर्व सूर जवळपास सारखेच कमी करतात, म्हणून वरचेवर जाणाऱ्याने ते घ्यावेत. मध्ये मध्ये बाहेर जाऊन कानांना विसावा द्यावा. दुसऱ्या दिवसानंतरही कानात शीळ वाजत राहिली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

मैफलीनंतर

टीशर्ट किंवा सीडीचे टेबल असते, तिथे काहीतरी घ्यावे. लहान बँडच्या हाती ऑनलाइन ऐकण्यातून फारच थोडे पडते. पहिल्या बँडचे नाव त्याच रात्री लिहून ठेवावे आणि त्यांचे खाते अनुसरावे. टेबलाजवळ वादक स्वतः उभे असतील, तर ‘तुम्ही सध्या कोणाला ऐकता?’ असे खुशाल विचारावे. त्यांनी सांगितलेली दोन नावे पुढच्या महिन्याला पुरतात.

गाव सोडणे दर वेळी जमणार नाही, म्हणून आपल्या परिसराकडेही लक्ष असू द्यावे. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत पाश्चात्त्य समूहगायनाची स्पर्धा असते. कोणत्या कॉलेजात गिटार, बास आणि ड्रम वाजवणारी मुले आहेत, ते तिथे कळते. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला बाहेरचा बँड बोलवायचा असेल, तर मानधनाबरोबरच त्यांच्या तांत्रिक गरजांची यादी आधी मागवावी आणि ड्रम किट, गिटार व बासचे अॅम्प्लिफायर, तसेच वादकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून लागणारे मंचावरचे मॉनिटर स्पीकर आपल्या साउंडवाल्याकडे आहेत का, हे तारीख ठरवण्याआधीच विचारावे. डीजेची भिंत म्हणजे ही सामग्री नव्हे. खुल्या मैदानात कार्यक्रम असल्यास 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. राज्य शासनाने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर ही वेळ पाळावीच लागते, त्यामुळे मुख्य बँडला साडेआठलाच मंचावर आणावे आणि दीपप्रज्वलन, सत्कार व भाषणे दुपारीच उरकून घ्यावीत.