रस्सा-भात: भात सोडू नका, कट आवरा

‘मी भात बंद केलाय’ असं सांगून तांबड्या रश्श्याची चौथी वाटी मागणारी माणसं कोल्हापुरात कुठल्याही जेवणावळीत दिसतात. भात उगाच बदनाम झालाय. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण १३० कॅलरी असतात आणि टेबलस्पूनभर तेलात जवळजवळ तेवढ्याच. आता आपल्याकडे रश्श्यात तेल कसं पडतं ते मी सांगायला नको. हिशोब करायचाच तर रश्श्याचा आणि त्यावरच्या तेलाच्या तवंगाचा, म्हणजे कटाचा, करा.

भाताचं फार कौतुक नको. इंद्रायणी, आजरा घनसाळ, घरात असेल तो तांदूळ घ्या, धुवा, मोजून पाणी घालून शिजवा. ‘स्टार्च जातो’ म्हणून पेज काढून मोरीत ओतू नका, तिच्याबरोबर ब जीवनसत्त्वंही जातात. शुगर असेल तर चिकट भातापेक्षा मोकळा होणारा उकडा तांदूळ बरा.

वाटण नेहमीचंच: कांदा, सुकं खोबरं, तीळ, आलं, लसूण, कोथिंबीर. खोबरं-तीळ कोरडेच भाजा.

खरी गोम वाटण परतण्यात आहे. मलाही हे जमायला बराच काळ गेला, कारण जो तो ‘तेल सुटेपर्यंत परता’ एवढंच सांगतो. कुठलं तेल सुटणार, हे कुणी सांगत नाही. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त स्निग्धांश असतो, तिळात जवळपास निम्मा. म्हणजे तेल वाटणातच आहे, ते बाहेर काढायचंय. वरून घालायचं तेल फक्त सुरुवात करून द्यायला आणि कांदा-लसूण चटणीचा (म्हणजे आपल्या तिखट मसाल्याचा) रंग खुलवायला. चार माणसांना दोन टेबलस्पून भरपूर झालं.

वाटण मध्यम आचेवर घाला. पाचेक मिनिटांत ते बुडाला धरायला लागेल आणि तुमचा हात तेलाच्या किटलीकडे जाईल. तो आवरा. अर्धी पळी गरम पाणी घाला, बूड खरवडून घ्या, पुन्हा परता. पुन्हा धरलं की पुन्हा पाणी. असं तीन-चार वेळा करावं लागतं, पाऊण तास नाही, पंधरा मिनिटं. आधी फदफदणारं वाटण चुरचुरायला लागतं, कच्च्या कांद्याचा उग्र वास जातो, गोळा कडा सोडतो आणि कडेला तेलाचे बारीक मणी दिसतात. तिथं थांबा. गॅस अगदी बारीक करून कांदा-लसूण चटणी घाला आणि अर्धा मिनिट हलवा. मिरचीचा लाल रंग पाण्यात नाही, तेलात उतरतो, म्हणून तिची गाठ आधी तेलाशी पडली पाहिजे. मोठ्या आचेवर चटणी टाकलीत तर ती करपते, आणि करपलेली चटणी गूळ घालून सुधारत नाही, कुणी काहीही सांगो. मग कढत पाणी, उकळी, दहा मिनिटं मंद आच.

गॅस बंद करून रस्सा दहा मिनिटं ढवळू नका. कट वर येतो, तो पळी तिरकी धरून वाटीत काढा. ज्याला हवा त्यानं चमचाभर वरून घ्यावा. ब्रेड बुडवा, बर्फ फिरवा, टिश्यू पेपर टाका, असले व्हिडिओ बघून माझं डोकं फिरतं. पळी असताना हे धंदे कशाला? मटण असेल तर आदल्या दिवशी अळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, फ्रिजमध्ये ठेवा. चरबी थिजून वर पापुद्रा धरते, तो सरळ उचला. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल असं थिजत नाही, ते पळीनंच काढायचं.

पांढरा रस्सा दिसायला सोज्वळ, पण नारळाचं दूध, काजू, तीळ म्हणजे स्निग्धांशच. कट दिसत नाही, एवढाच फरक.

मिठाचं मात्र कुणी बोलतच नाही. रश्श्यात शेकडा एक मीठ धरलं तर २०० मिलीच्या वाटीत २ ग्रॅम होतं. तीन वाट्यांत ६. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. खानावळीत रस्सा कितीही मिळतो म्हणून तो कितीही प्यायचा नसतो, रक्तदाब असणाऱ्यांनी तर नाहीच.

रस्सा म्हणजे बहुतेक पाणी, प्रथिनं फोडीत किंवा उसळीत. भाताच्या प्रथिनात लायसिन कमी पडतं, डाळी-कडधान्यांत ते भरपूर असतं, म्हणून शाकाहारी ताटात अख्खा मसूर हवाच. आधी कोशिंबीर आणि फोडी खा, मग मूदभर भात. उलट क्रमानं बसलात तर रश्श्याबरोबर दुसरी मूद कधी संपते ते कळत नाही.

उरलेला भात दोन तासांच्या आत पसरट डब्यात फ्रिजमध्ये टाका. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जिवाणूंचं विष तयार होऊ शकतं आणि ते फोडणी देऊनही जात नाही. असा भात टाकूनच द्या.