लेटरबॉक्स डीव्हीडी रुंद टीव्हीवर: चारी बाजूंच्या काळ्या पट्ट्या कशा काढायच्या

कपाटातली जुनी हिंदी-मराठी सिनेमाची डीव्हीडी नव्या टीव्हीवर लावली की पुष्कळदा चित्र मधोमध एवढंसं दिसतं आणि चारी बाजूंना काळं. डिस्क खराब नसते, टीव्हीही बिघडलेला नसतो. सिनेमा रुंद आणि तेव्हाचे टीव्ही 4:3 चे (रुंदी 4 तर उंची 3), म्हणून डिस्क बनवतानाच वर-खाली काळ्या पट्ट्या चित्रात भरून टाकल्या. हाच लेटरबॉक्स. आताचा 16:9 चा टीव्ही ते 4:3 चं चित्र मधे ठेवतो आणि डावी-उजवीकडे स्वतःच्या दोन पट्ट्या लावतो.

32 इंची टीव्हीचा पडदा साधारण 71 सेंटीमीटर रुंद आणि 40 उंच असतो. 2.35:1 चा सिनेमास्कोप, म्हणजे उंचीच्या 2.35 पट रुंद सिनेमा, असा आला तर खरं चित्र उरतं 53 बाय साडेबावीस. बरोबर झूम केलं की तेच 71 बाय 30 होतं, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट. वर-खाली पाच-पाच सेंटीमीटर काळं तरीही राहतं. ते राहू द्या. तेही घालवायला गेलात तर एकतर माणसं उभी ताणली जातात, नाहीतर कडेला उभं असलेलं पात्र चौकटीबाहेर जातं.

सुरुवात टीव्हीपासून नाही, प्लेअरपासून करा. प्लेअरच्या सेटअपमध्ये ‘टीव्ही टाइप’ किंवा ‘टीव्ही डिस्प्ले’ शोधा. तिथे 4:3 एलबी (लेटरबॉक्स), 4:3 पीएस (पॅन-स्कॅन, म्हणजे बाजू कापून) आणि 16:9 असे पर्याय असतात, 16:9 निवडा. ही ओळ पुसट दिसत असेल तर डिस्क बाहेर काढा, बऱ्याच प्लेअरमध्ये डिस्क चालू असताना ती बदलत नाही. हे आधी करण्याला कारण आहे. काही डिस्क ॲनामॉर्फिक असतात, म्हणजे चित्र आडवं दाबून साठवलेलं असतं आणि टीव्ही ते रुंद करतो. प्लेअर 4:3 एलबीवर राहिला तर अशा चांगल्या डिस्कचंही तो स्वतःच लेटरबॉक्स करतो आणि चित्र ज्या आडव्या रेषांनी बनतं त्यातल्या पाव रेषा वाया जातात. पाल (भारतातल्या टीव्हीची 576 रेषांची पद्धत) डिस्कवर सिनेमास्कोपला ॲनामॉर्फिकमध्ये सुमारे 436 रेषा मिळतात, लेटरबॉक्समध्ये 327 च.

आता टीव्ही ‘फुल’ किंवा 16:9 वर ठेवून डिस्क लावा. वेष्टनावरच्या ‘वाइडस्क्रीन’ शब्दावर विसंबू नका, तो दोन्ही प्रकारच्या डिस्कवर छापलेला असतो. त्यापेक्षा समोरून दिसणारी एखादी गोल वस्तू येऊ द्या: गाडीचं चाक, भिंतीवरचं घड्याळ, ग्रामोफोनची तबकडी. तिथे पॉज करा आणि पडद्यावर मोजपट्टी धरा. उंची-रुंदी सारखी भरली तर डिस्क ॲनामॉर्फिक. काहीही बदलू नका. उंची समजा 12 सेंटीमीटर आणि रुंदी 16 भरली, वर-खाली जाड पट्ट्याही आहेत, तर ती लेटरबॉक्स. टीव्हीच्या रिमोटवर ‘पिक्चर साइझ’, ‘ॲस्पेक्ट’ किंवा ‘वाइड मोड’ असं काहीतरी बटण असतं. त्यातून ‘झूम’ घ्या आणि तीच वस्तू पुन्हा मोजा.

लेटरबॉक्स डिस्कही ‘फुल’वरच ठेवून सिनेमा बघणारी घरं कमी नाहीत. पडदा भरल्याचं समाधान मिळतं, पण अख्खा सिनेमा रुंद, बसक्या चेहऱ्यांनी बघावा लागतो. हे टाळाच.

झूममध्ये खरी अडचण सबटायटलची. पालच्या 576 रेषांपैकी वरच्या 72 आणि खालच्या 72 कापल्या जातात, आणि सबटायटल पुष्कळदा नेमकी खालच्या काळ्या पट्टीत असतात. झूम चालू असताना रिमोटचा वर-खालचा बाण दाबून बघा, अनेक टीव्हींवर चित्र वर सरकतं. सरकत नसेल तर 14:9 किंवा ‘सबटायटल झूम’ असा मधला पर्याय आहे का पाहा.

एचडीएमआय वायर लावल्यावर झूमचा पर्यायच गायब झाला, तर प्लेअर 720पी किंवा 1080पी, म्हणजे रेषा वाढवलेलं चित्र, पाठवत असेल. काही टीव्ही अशा सिग्नलला झूम देत नाहीत. प्लेअरचं रेझोल्यूशन 576पी किंवा 480पी करा. तेही जमेना तर लाल-हिरवी-निळी कंपोनंट वायर वापरा. नाशिकच्या एमजी रोडवर वायर घ्यायला जाण्याआधी टीव्हीच्या मागचा फोटो काढून न्या. काही टीव्हींवर एव्हीची पिवळी पिन कंपोनंटच्या हिरव्या सॉकेटमध्येच जाते, आणि तेव्हा चित्र कृष्णधवल दिसलं तर सोर्समध्ये कंपोनंटऐवजी एव्ही निवडायचं राहिलेलं असतं.

लॅपटॉपवरून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये डिस्क लावली तर काम सोपं: ‘सी’ दाबत राहा, क्रॉप 16:9 आलं की थांबा.

झूम कुठे करायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. भारतात पहिला सिनेमास्कोप 1959 मध्ये आला. त्याआधीचे सिनेमे जवळपास 4:3 चेच. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या मूकपटांची चौकटही तीच. 2003 च्या कुंभमेळ्याचं घरी केलेलं चित्रीकरण, लग्नाची डीव्हीडी, जुन्या नाटकाची डिस्क यांचंही बहुधा तसंच. इथे झूम म्हणजे वरून डोकी आणि खालून पावलं कापणं. टीव्ही 4:3 वर ठेवा, बाजूच्या पट्ट्या असू द्या.

शेवटी शार्पनेस. 327 रेषा मोठ्या पडद्यावर ताणल्यावर चित्र मऊ दिसणारच. शार्पनेस वाढवलं तर कडांभोवती पांढरट रेघा उमटतात, म्हणून ते शून्याजवळ आणा आणि 32 इंची टीव्हीपासून सात-आठ फुटांवर बसा.