एचटीटीपीएस झालं, तरी साइट मोडकी दिसते? मिक्स्ड कंटेंटच्या या चुका टाळा

एसएसएल सर्टिफिकेट बसवलं, पत्त्यात एचटीटीपीएस आलं, आणि त्याच संध्याकाळी तक्रारी सुरू. स्लायडर फिरत नाही, फॉन्ट बदलला, ऑर्डरचं बटण दाबलं तरी ढिम्म. सर्व्हर व्यवस्थित चालू असतो. पान सुरक्षित जोडणीवरून येतं, पण त्यातल्या काही फायलींचे पत्ते अजून साध्या एचटीटीपीचे असतात आणि ब्राउझर त्या फायली अडवतो. हाच मिक्स्ड कंटेंट. साध्या जोडणीवरून येणारी जावास्क्रिप्ट वाटेत कोणीही बदलू शकतं आणि अशी एक फाइल सगळं पान ताब्यात घेऊ शकते, म्हणून ही अडवणूक. फायरफॉक्स तर २०१३ पासून, म्हणजे २३व्या आवृत्तीपासून, अशा स्क्रिप्ट आपणहून रोखतो.

प्लगइन टाकत सुटण्याआधी नेमकं काय अडलंय ते बघा. क्रोममध्ये एफ१२ दाबा, कन्सोल उघडा आणि पान पुन्हा लोड करा. ‘मिक्स्ड कंटेंट’ने सुरू होणारी लाल ओळ म्हणजे फाइल अडली, पिवळी म्हणजे ब्राउझरने पत्ता स्वतः एचटीटीपीएस करून घेतला. दोन्हीत फाइलचा पूर्ण पत्ता असतो, तो टिपून ठेवा. मुखपृष्ठ बघून थांबू नका. कार्ट, संपर्क, जुने लेख आणि नकाशा असलेली पानं हमखास सापडतात.

‘रिडायरेक्ट लावलाय, आपोआप वळेल’

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. सर्व्हरवर ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) असतो, तोच पत्ता वेगळ्या टॅबमध्ये टाकला तर झकास उघडतो, मग पानातच का अडतो? कारण ब्राउझर पानातला पत्ता वाचतो आणि तिथेच नकार देतो. विनंती बाहेर पडतच नाही, मग सर्व्हर वळवणार काय? समोरच्या साइटने एचएसटीएस (‘माझ्याकडे फक्त एचटीटीपीएसनेच या’ असा ब्राउझरला आदेश) लावलं असलं तरी उपयोग नाही, मिक्स्ड कंटेंटची तपासणी त्याच्या आधी होते. पत्ता पानातच बदलावा लागतो.

‘फोटो दिसतायत, म्हणजे झालं’

क्रोमने २०२० मध्ये ८०व्या आवृत्तीपासून ऑडिओ-व्हिडिओचे पत्ते आपोआप एचटीटीपीएस करायला घेतले, पुढे फोटोंचेही. फायरफॉक्समध्ये हे २०२४ साली १२७व्या आवृत्तीत आलं. पण त्या पत्त्यावर एचटीटीपीएस नसेल तर फोटो गायब. ब्राउझर मागे फिरून एचटीटीपीवर जात नाही. ‘एसआरसीसेट’मधल्या (एकाच फोटोच्या वेगवेगळ्या आकारांची यादी) फोटोंना ही सवलत नाही, आयपी पत्त्यावरच्या (नावाऐवजी आकड्यांचा पत्ता) फोटोंनाही नाही. स्क्रिप्ट, स्टाइलशीट, फॉन्ट आणि आयफ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) सरळ अडतात.

डेटाबेसमध्ये सरसकट ‘रिप्लेस’

वर्डप्रेसवाल्यांनी इथे सांभाळायचं. सेटिंग्जमधले दोन्ही पत्ते (वर्डप्रेस ॲड्रेस आणि साइट ॲड्रेस) बदलले तरी लेखांत आणि विजेटमध्ये जुने पत्ते तसेच राहतात. मग पीएचपीमायॲडमिनमध्ये (डेटाबेस हाताळायचं साधन) जाऊन एका क्वेरीत एचटीटीपीचं एचटीटीपीएस केलं जातं आणि विजेट किंवा थीमची सेटिंग्ज उडतात. वर्डप्रेस बरीच सेटिंग्ज सीरियलाइज करून ठेवतं, म्हणजे मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते. एचटीटीपीसकट १८ अक्षरांचा पत्ता ‘एस’ वाढल्यावर १९चा होतो, नोंद मात्र १८चीच राहते आणि पीएचपी अख्खी नोंद वाचायलाच नकार देतं. आधी बॅकअप घ्या, मग डब्ल्यूपी-सीएलआयची (वर्डप्रेसचं कमांड-लाइन साधन) ‘सर्च-रिप्लेस’ कमांड ‘ड्राय-रन’ (प्रत्यक्ष बदल न करता नुसती चाचणी) लावून चालवा. किती ठिकाणी बदल होणार ते दिसेल. पटलं तर ड्राय-रन काढून पुन्हा चालवा. ती लांबीही दुरुस्त करते. एलिमेंटॉरसारखे पेज बिल्डर पत्त्यातल्या तिरप्या रेघेआधी उलटी रेघ घालतात, त्यामुळे साधा शोध त्यांना चुकवतो. एलिमेंटॉरच्या टूल्समध्ये ‘रिप्लेस यूआरएल’ आहे, तेच वापरा.

प्रॉक्सीमागची साइट

क्लाउडफ्लेअर ही वाचक आणि तुमचा सर्व्हर यांच्या मधे बसणारी प्रॉक्सी सेवा. तिच्या ‘फ्लेक्सिबल’ मोडमध्ये वाचकापासून क्लाउडफ्लेअरपर्यंतच एचटीटीपीएस असतं; तिथून तुमच्या सर्व्हरपर्यंत साधी जोडणी. वर्डप्रेसला वाटतं पान एचटीटीपीवर मागितलंय, म्हणून ते काही फायलींचे पत्ते तसेच छापतं. त्यावर सर्व्हरवर रिडायरेक्ट लावला की पान गोल गोल फिरत राहतं. खरा इलाज म्हणजे सर्व्हरवरही सर्टिफिकेट बसवून ‘फुल (स्ट्रिक्ट)’ मोड घेणे. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, त्यामुळे पैशांची सबब चालत नाही.

सगळ्यावर एकच मलमपट्टी

कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी हेडरमध्ये (सर्व्हर पानासोबत ब्राउझरला पाठवतो ती सूचना) ‘अपग्रेड-इनसिक्युअर-रिक्वेस्ट्स’ लिहिलं की ब्राउझर अडवण्याआधीच पत्ते बदलून घेतो. जिथे रिडायरेक्ट हरतो तिथे हे चालतं आणि हजारो जुने लेख असलेल्या साइटला तर लावावंच. पण बाहेरच्या सर्व्हरवर एचटीटीपीएसच नसेल तर फाइल येणार नाही. ती आपल्या सर्व्हरवर आणा (परवाना बघून), नाहीतर काढून टाका. शिवाय डेटाबेसमधले चुकीचे पत्ते तसेच राहतात आणि आरएसएस फीडमधून बाहेर जातात.

लाइव्ह चॅटसारखं काही असेल तर पत्त्याच्या सुरुवातीच्या ‘डब्ल्यूएस’चं (साधी वेबसॉकेट जोडणी) ‘डब्ल्यूएसएस’ (सुरक्षित जोडणी) करा. लोकलहोस्टवर चाचणी घेऊन हे कळत नाही, कारण तिथे बहुधा पानच एचटीटीपीवर असतं. बदल झाले की कॅशे प्लगइन आणि सीडीएन (साइटच्या प्रती ठेवणारं सर्व्हरचं जाळं) दोन्ही रिकामे करा, नाहीतर जुनंच पान दिसत राहील आणि तुम्ही बरोबर केलेली दुरुस्ती उलटी फिरवून बसाल.

आणि ग्राहकाला ‘क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये इनसिक्युअर कंटेंट अलाऊ करा’ असं सांगू नका. त्याने फक्त त्याच्या ब्राउझरपुरती तुमच्या साइटची राखण बंद होते, बाकीच्यांना साइट तशीच मोडकी दिसते. ती सेटिंग दोष शोधताना आपल्याच मशीनवर वापरावी: अलाऊ केल्यावर स्लायडर फिरला तर गडबड मिक्स्ड कंटेंटची; तरीही हलला नाही तर जावास्क्रिप्टमध्ये दुसरंच काही बिघडलंय.