स्पॅनिशमध्ये प्रेम सांगायचंय? मग इंग्लिश सोडा, मराठीतनं जावा

स्पॅनिश शिकताना मी पहिली माती खाल्ली ती 'मे गुस्तास'वर. प्रॅक्टिसला ऑनलाइन मेक्सिकोची एक मुलगी मिळालेली, आठवडाभर बिचारीनं माझं व्याकरण सुधारलं, मग मी आपलं 'आय लाइक यू' डोक्यात धरून टाइप केलं, मे गुस्तास. पलीकडनं नुसतं हाहाहा (ते लोक हसणं 'j' या अक्षरानं लिहितात, मी आधी जाजाजा वाचलं आणि काय झालं कळंना). मग म्हणाली, अरे, हे 'त्या' अर्थानं आवडणं झालं, माणूस म्हणून आवडत असेल तर 'मे काएस बिएन' म्हण.

आता हेच मी मराठीतनं विचार केला असता तर वाचलो असतो. रंकाळ्यावर संध्याकाळी एखाद्या मुलीला 'मला तू आवडतेस' म्हणून बघा, ती काय समजेल? तेच. रचना पण सेम आहे बघा, मे म्हणजे मला, गुस्तास म्हणजे तू आवडतेस, क्रियापद ज्याला आवडतंय त्याच्याकडं बघत नाही, जे आवडतंय त्याच्याकडं बघतं. इंग्लिशवाल्यांना इथंच घाम फुटतो, आपल्याला फुकटात मिळालंय.

इंग्लिशमध्ये लव्ह म्हणजे एकच चमचा सगळ्या भांड्यात. आई लव्ह, बायको लव्ह, मिसळ पण लव्ह. स्पॅनिशमध्ये मिसळीला 'मे एन्कान्ता ला मिसळ' म्हणायचं, म्हणजे लय भारी आवडती. पण 'मे एन्कान्तास' असं माणसाला म्हटलं की ते गुस्तासच्या पण पुढं गेलं, जपून वापरा.

त्याच्या वर 'ते किएरो'. हे आईला, भावाला, जिगरी दोस्ताला, गर्लफ्रेंडला, सगळ्यांना चालतंय. याच क्रियापदाचा साधा अर्थ 'पाहिजे' असा पण आहे, 'किएरो उन काफे' म्हणजे मला एक कॉफी पाहिजे. म्हणून डिक्शनरी बघून घाबरू नका, माणसाला म्हटलं की ती मायाच. 'ते आमो', म्हणजे थेट 'माझं तुझ्यावर प्रेम आहे', हे मात्र जड, स्पेनमध्ये तर फार कमी लोक सहज बोलतात, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी घरच्यांना पण म्हणतात. प्रेमाच्या माणसाला पहिल्यांदा सांगताना किएरोवरच थांबा, आमो समोरच्याकडनं येऊ दे.

लाडाची नावं तर विचारू नका. मि आमोर म्हणजे माझं प्रेम, कारिन्यो म्हणजे लाडक्या, मि सिएलो म्हणजे माझं आभाळ. जोडीदाराला 'मेदिया नारान्खा' म्हणतात, अर्धं संत्रं! 'मि बिदा' म्हणजे माझं आयुष्य, लिहिताना व्ही पण उच्चार ब, आपल्याला ऐकून पाठवणी चाललीय असं वाटतं. आणि गोर्दो म्हणजे जाड्या, ते पण लाडानं, हे कोल्हापूरकराला वेगळं समजवायला नको, आमच्यात शिवी दिल्याशिवाय दोस्तीच पक्की होत नाही. शेवटी इतो किंवा इता लावलं की अजून गोड, आबुएला म्हणजे आजी, आबुएलिता म्हणजे आजीबाई.

मेसेजच्या शेवटी 'उन आब्रासो' टाकायचं, म्हणजे एक मिठी, पुरुष पुरुषाला पण बिनधास्त लिहितात. 'बेसोस' म्हणजे पाप्या, ते ओळख बघून.

आणि हो, 'ते किएरो'मधला त आपलाच, जीभ दाताला लावून. ट म्हटला की इंग्लिशमधनं आलाय हे लगेच कळतंय.