गाय सातव्या महिन्यात गाभडली, तर आधी हात झाका

मी गुरांचा डॉक्टर. गाय गाभडली म्हणून फोन येतो, आणि मी पोचेपर्यंत मालकाने कोपरापर्यंत हात घालून अडकलेली वार ओढलेली असते. हात धुतलेत ते संध्याकाळी धारेला लागणाऱ्या बादलीतच.

पाचव्या महिन्यानंतर गर्भ पडला, तर डॉक्टर नाही म्हणेपर्यंत कारण ब्रुसेलाच समजायचं, म्हणजे गर्भ पाडणाऱ्या आणि माणसालाही लागणाऱ्या जीवाणूंचा रोग. पडलेल्या वासरात, वारेत आणि त्या पाण्यात हे जीवाणू खच्चून असतात. हाताला बारीक चीर असली, डोळ्यात शिंतोडा उडाला, तरी माणसाला लागण होते.

गाय वेगळी बांधा. घरात कुणी गरोदर असेल तर तिला गोठ्यात येऊच देऊ नका. कृत्रिम रेतनाला येणाऱ्याकडे खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे असतात, ते दोन-चार मागून ठेवा. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, पायात गमबूट. वार मात्र तुम्ही ओढायची नाही. नमुना घ्यायचाय का, हे विचारल्याशिवाय वासरू पुरू नका. मग कुत्र्याला उकरता येणार नाही असा खोल खड्डा, खाली-वर चुना. वार गोणीत बांधून वडाला टांगायची रीत काही गावांत अजून आहे. ती इथे नको. ओढाही नको, उकिरडाही नको. ओलं गवत जाळा, जमीन ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा. सावलीतल्या ओलीत हे जंतू कित्येक आठवडे तग धरतात.

दूध उकळूनच प्या. धारोष्ण दुधाने ताकद येते म्हणणाऱ्या पैलवानांशी मी वाद घालत नाही, भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाची गोष्ट सांगतो. तिथल्या इंग्रज सैनिकांना दीर्घकाळ ताप यायचा. 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरला त्याचा जंतू सापडला, तोच ब्रुसेला. 1905 मध्ये झामिट या तिथल्या डॉक्टरने तो शेळ्यांत दाखवला. सैनिकांचं शेळीचं कच्चं दूध बंद केलं आणि ताप ओसरला.

माणसात हा रोग कधी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उगवतो. संध्याकाळी ताप, अंग भिजवणारा घाम, कंबर आणि सांधे धरलेले. पुरुषांच्या वृषणाला सूजही येते. टायफॉइड, मलेरियाच्या तपासण्यांत काही निघत नाही. गाय गाभडल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. औषधं दोन, किमान सहा आठवडे. पहिल्या आठवड्यात बरं वाटतं, लोक गोळ्या सोडतात आणि ताप परत येतो.

कालवडीला 4 ते 8 महिन्यांच्या वयात एकदा ब्रुसेलाची लस टोचली की पुन्हा टोचावी लागत नाही. 2019 पासून सरकारी कार्यक्रमात ती मोफत आहे. खोंडाला किंवा गाभण गाईला ती द्यायची नाही. टोचताना कालवड घट्ट धरा. लशीतले जंतू जिवंत असतात, आणि तिने हिसका दिला तर सुई माझ्या बोटात जाते.